पडद्यावरच्या फरशीतले पंधरा बगळे

पुढच्या खोलीची फरशी बदलायचं घरात ठरलं आणि आम्ही पाथर्डी फाट्याकडच्या एका टाइल्सच्या दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने आमच्या खोलीचा मोबाइलमधला फोटो मागून घेतला, मोठ्या पडद्यावर टाकला आणि एका नमुन्यावर बोट ठेवलं. क्षणात आमच्याच सोफ्याखाली संगमरवरी छटेची फरशी आली. बायको खूश. मी मात्र कोपऱ्यातल्या राखाडी शिरांमधून तयार झालेला एक बगळा बघत बसलो. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. खोली १० बाय १२ फुटांची, टाइल २ बाय ४ फुटांची, म्हणजे १५ नग. आणि बगळेही १५, सगळे एका पायावर, एकाच दिशेला तोंड करून. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातही ते इतक्या शिस्तीत उभे राहत नाहीत.

झालं होतं एवढंच, की प्रोग्रामने एका टाइलचा फोटो घेऊन पंधरा वेळा चिकटवला होता. खऱ्या पेटीत असं नसतं. हल्ली टाइलवरचं डिझाइन इंकजेटने छापलं जातं, त्यामुळे एकाच डिझाइनचे चार, सहा, आठ वेगवेगळे तुकडे छापता येतात. धंद्यात त्यांना ‘फेस’ म्हणतात.

मग चार फेस संगणकाला द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकायला सांगायचं, एवढ्याने भागेल असं वाटतं. भागत नाही. सरळ रांगेत मांडलेल्या आमच्या १५ टाइल्समध्ये शेजाराच्या जोड्या २२ होतात. चार फेसांतून आंधळेपणाने उचललं तर कुठल्याही जोडीत दोन्हीकडे एकच फेस येण्याची शक्यता १/४, म्हणजे सरासरी पाच-सहा ठिकाणी जुळे बगळे शेजारी शेजारी. निव्वळ योगायोग माणसाच्या डोळ्याला योगायोगासारखा दिसत नाही. आपल्याला हवी असते ती नियम पाळणारी अव्यवस्था.

हा नियम कळायला ठिपक्यांची रांगोळी आठवा. समोरासमोर ठिपके असले की प्रत्येकाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार शेजारी. मधले ठिपके घेतले, म्हणजे ‘१५ ते ८’ वगैरे, की शेजारी सहा. विटांच्या भिंतीसारखी सरकवून लावलेली फरशीही अशीच, प्रत्येक टाइलला सहा शेजारी. आता प्रोग्राम डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ भरत जातो असं धरा. नवी टाइल ठेवताना आधीच बसलेले शेजारी फार तर तीन असतात: डावीकडची एक आणि वरच्या ओळीतल्या दोन. त्यांचे फेस बाद करायचे आणि उरलेल्यांतून चिठ्ठी काढायची. चार फेस असतील तर किमान एक उरतोच, त्यामुळे प्रोग्राम कधीच अडत नाही.

तीनच फेस असले तर? तेव्हा गंमत होते. शेजारी सारखा नको हा नियम तीन फेसांतही पाळता येतो, पण एकमेकींना चिकटलेल्या पहिल्या तीन टाइल्स ठेवल्या की बाकी सगळी फरशी ठरून जाते. खोली असो की गोल्फ क्लबचं मैदान, पुढे निवड म्हणून उरत नाही आणि ठरावीक अंतराने तोच क्रम परत येतो. तिसऱ्यापासून चौथ्या फेसापर्यंतचं हे एक पाऊल मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर गणित वाटतं.

चिठ्ठीलाही एक अट आहे. ग्राहक पडद्यावर खोली फिरवून बघतो तेव्हा तिसऱ्या ओळीतली दुसरी टाइल दर वेळी तीच दिसली पाहिजे. नाहीतर मान वळवली की बगळा उडाला! म्हणून खरा फासा टाकत नाहीत. ओळीचा आणि रकान्याचा आकडा एका ठरलेल्या रीतीने गुणून, घुसळून एक ओबडधोबड आकडा काढतात. दिसायला तो बेभरवशाचा, पण तेच दोन आकडे दिले की उत्तर दर वेळी तेच.

माशाच्या काट्यासारखी मांडणी, म्हणजे हेरिंगबोन, गुंतागुंतीची दिसते, पण ती चिठ्ठीशिवाय निव्वळ बाकीवर चालते. चौकटीच्या वहीवर करून बघा. टाइल दोन चौकोनांची धरा. प्रत्येक चौकोनासाठी रकान्याच्या आकड्यातून ओळीचा आकडा वजा करा आणि ४ ने भागा (वजाबाकी उणे आली तर आधी ४-४ मिळवत जा). बाकी ० किंवा १ आली तर तो चौकोन आडव्या टाइलचा अर्धा भाग, २ किंवा ३ आली तर उभ्या टाइलचा. दुसरीकडे बघावंच लागत नाही. अख्खी फरशी कुठेही साठवून न ठेवता पडद्यावरच्या कुठल्याही ठिपक्याला विचारता येतं, ‘बाबा, तू कुठल्या टाइलचा?’

जागेवर ओतलेलं मोझॅक किंवा गालिचासारखा सलग पृष्ठभाग असेल तर सांधाच नसतो, तिथे फेस बदलत जाण्याची युक्ती लंगडी पडते. तिथे कामी आले हाओ वांग यांचे चौकोन. वांग यांनी १९६१ मध्ये तर्कशास्त्रातल्या एका प्रश्नासाठी कडांना रंग दिलेले चौकोन मांडले. नियम एकच, चिकटणाऱ्या कडांचा रंग सारखा हवा. २००३ मध्ये संगणक-चित्रणातल्या संशोधकांनी रंगांच्या जागी चित्रांच्या जुळणाऱ्या कडा घेतल्या, आणि मोजक्या तुकड्यांतून सांधा न दिसणारा लांबलचक पृष्ठभाग तयार होऊ लागला.

तयार झालेली फरशी फोटोत बसवणं त्या मानाने सरळ आहे. जमिनीवरच्या एका आयताचे चार कोपरे फोटोत सापडले की दूरचं लहान, जवळचं मोठं हा सगळा हिशेब सुटतो. सोफा आणि त्याची सावली वरून परत ठेवली की काम झालं.

पण मिस्त्रीला पटेल अशी फरशी पडद्यावर आणणं अवघड. आमचे मिस्त्री घरी आले, दुकानातून आणलेला, सरकवलेल्या मांडणीचा छापील फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘साहेब, हे अर्ध्यावर सरकवलंय. मोठ्या टाइलला पोट असतं. अर्ध्यावर घेतलं तर एकीच्या पोटाशी दुसरीचं टोक येईल, पायाला लागेल. तीनात घ्या.’ खरं आहे ते. लांब टाइल भट्टीतून निघताना मध्ये किंचित फुगलेली असू शकते, म्हणून सरकवायचं ते एक तृतीयांशापर्यंतच. चित्रात टाइल कायम सपाट असते.

मग त्यांनी टेप लावली. रुंदी १० फूट नव्हती, १० फूट ४ इंच निघाली. एका भिंतीपासून सुरुवात केली असती तर दुसऱ्या भिंतीशी चार इंचांची पट्टी राहिली असती. त्यांनी एक पूर्ण टाइल कमी केली, २४ आणि ४ मिळून २८ इंच, आणि दोन्ही भिंतींशी १४-१४ इंचांचे तुकडे घेतले. प्रोग्रामला हे शिकवायला दोन ओळी पुरतात. दुकानातल्या प्रोग्रामला त्या कोणी शिकवल्या नव्हत्या.

पेट्या फोडून मिस्त्रींनी आधी सगळ्या टाइल्स कोरड्याच मांडल्या, उभे राहून पाहिलं आणि चार-पाच उचलून इकडच्या तिकडे केल्या. फेस सहा होते, बगळे तीन निघाले. एकाला त्यांनी उलटा फिरवला, आता तो शिरांचा गुंता वाटतो. दुसरा शोकेसखाली गेला. तिसरा उंबऱ्याशी आहे, आत तोंड करून.