डॉसन सिटी

कॅनडाच्या यूकॉन प्रदेशातील, क्लाँडाइक गोल्ड रशमुळे (सोन्यासाठी उसळलेल्या झुंबडीमुळे) इतिहासप्रसिद्ध झालेले नगर. लोकसंख्या १,५७७ (२०२१). यूकॉन व क्लाँडाइक नद्यांच्या संगमावर, आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २८० किमी. दक्षिणेस ते वसले आहे. जो लड्यू याने १८९६ मध्ये जागेची आखणी केली आणि भूवैज्ञानिक जॉर्ज मर्सर डॉसन याचे नाव गावाला देण्यात आले. १८९८ पासून १९५० च्या दशकारंभापर्यंत ते यूकॉनच्या राजधानीचे ठिकाण होते.

गावाबाहेर बोनांझा ओढ्यावरील ‘डिस्कव्हरी क्लेम’ (क्लेम म्हणजे खाणकामासाठी हक्क नोंदवलेला जमिनीचा तुकडा) ही पहिल्या सोन्याची जागा आवर्जून पाहिली जाते. शोधाची तारीख १६ ऑगस्ट १८९६ धरतात. काहींच्या मते १७. श्रेयाचा वाद मात्र जुना आहे. जॉर्ज कार्मक, त्याची तागिश या मूलनिवासी जमातीतील पत्नी शाऽत्ला (केट), तिचा भाऊ केश (स्कूकम जिम) आणि भाचा का गूख (डॉसन चार्ली) यांची ही टोळी. सोने आपल्यालाच दिसले असे कार्मक सांगे. तागिश मौखिक परंपरेनुसार तो झोपला होता आणि भांडे धुताना ते केशला दिसले. शोधकाचा हक्क मूलनिवाशाच्या नावे मान्य होणार नाही, या भीतीने नोंद कार्मकच्या नावे केली गेली, असेही मानतात. कॅनडात जन्मलेल्या रॉबर्ट हेंडरसनलाही सहशोधक ठरवून सरकारने दरमहा २०० डॉलर निवृत्तिवेतन दिले; तथापि त्याने फक्त या भागाकडे बोट दाखवले होते, प्रत्यक्ष शोधाच्या वेळी तो तेथे नव्हता. शोधकाला एक जादा क्लेम मिळत असल्याने कार्मकच्या निवेदनात त्याचा स्वार्थ गुंतलेला होता, हे ध्यानात घेता केशचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

१८९८ च्या ऐन बहरात लोकसंख्या ३०,००० च्या आसपास गेली असावी. अंदाजांत मोठी तफावत आहे. आदल्या हिवाळ्यात अन्नाचा तुटवडा पडला होता. त्यानंतर पोलिसांनी वर्षभराच्या शिध्याशिवाय सरहद्द ओलांडू देणे बंद केले. दारूचे गुत्ते, जुगारखाने आणि नाचघरे नदीकाठच्या फ्रंट स्ट्रीटवर ओळीने होती. गुत्त्यात पैसे सोन्याच्या भुकटीत चुकते होत. औंसाला साधारण १६ डॉलर हा चालू भाव. गल्ल्याजवळ तराजू असे आणि तोलताना सांडलेले कण मालकाचे. नाचघरात एका नाचाला एक डॉलर पडे व त्यातला वाटा नर्तकीला मिळे. शनिवारी मध्यरात्री मात्र सारे बंद होई. रविवारी कामधंदा वा करमणूक खपवून घ्यायची नाही, हा सॅम स्टील या पोलीस अधिकाऱ्याचा दंडक होता आणि तो पाळला जाई. १८९९ मध्ये अलास्कातील नोमला सोने सापडल्याची बातमी आली आणि हजारो लोक तिकडे पांगले.

नाचघरांच्या या गजबजाटात ज्यांची भूमी होती ते ट्राँडेक ह्वेचिन लोक विस्थापित झाले. त्यांचा प्रमुख आयझॅक याने त्यांना नदीच्या प्रवाहाच्या दिशेने मूसहाइड येथे हलवले आणि आपली गाणी व नृत्ये अलास्कातील आप्तांकडे सांभाळण्यास दिली. तीच गाणी पुढे परत आणण्यात आली. मूसहाइडला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मेळाव्यात ती ऐकू येतात. गावातील डानोजा झो हे सांस्कृतिक केंद्र पाहिल्याशिवाय डॉसनची भेट पुरी झाली असे म्हणू नये. २०२३ मध्ये ‘ट्राँडेक-क्लाँडाइक’ या नावाने या परिसराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

आज दिसणारे ‘जुने’ रूप बरेचसे नंतरचे आहे. अ‍ॅरिझोना चार्ली मेडोज याने १८९९ मध्ये उघडलेले पॅलेस ग्रँड नाट्यगृह मोडकळीस आले, तेव्हा १९६० च्या दशकारंभी शासनाने ते नव्याने उभारले. नदीकाठची एसएस कीनो ही बोट (१९२२) आणि ओढ्याकाठचे अजस्र लाकडी तळाचे ड्रेज क्र. ४ (ओढ्याचा तळ उपसून सोने वेगळे करणारे तरते यंत्र) या मात्र अस्सल वस्तू. सदागोठित जमीन वितळून खचल्याने थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील काही जुनी घरे एकमेकांवर रेलली आहेत. रस्ते कच्चे व पादचारीमार्ग फळ्यांचे आहेत.

डायमंड टूथ गर्टीज हा जुगारखाना १९७१ पासून, १९०१ च्या एका सभागृहात चालतो. कॅनडातील सर्वांत जुना असा त्याचा लौकिक आहे. उन्हाळ्यात तेथे रोज कॅनकॅन नृत्य होते व नफा गावाच्या पर्यटन-संवर्धनाकडे जातो. डाउनटाउन हॉटेलमधील ‘सावरटो’ या पेयात पायाचे खरे, मिठात सुकवलेले बोट घालतात. ओठांना ते लागलेच पाहिजे. प्रथा १९७३ मध्ये डिक स्टीव्हन्सन याने सुरू केली. पहिले बोट १९२० च्या दशकातील हिमदंश झालेल्या एका दारूतस्कराचे होते, ही कथा स्टीव्हन्सनच्याच सांगण्यावर आधारलेली असल्याने जपून घ्यावी. बोट गिळल्यास २,५०० डॉलर दंड आहे.

खानपानात आंबवलेल्या पिठाचा पाव जुना. तो खाणकामगारांचा रोजचा आधार होता. यूकॉन नदीतील चिनूक सामन माशांची संख्या घटल्याने २०२४ मध्ये त्यांच्या मासेमारीवर सात वर्षांची बंदी आली. हा घाव हॉटेलांपेक्षा ट्राँडेक ह्वेचिनांच्या चुलींवर अधिक खोल आहे. सप्टेंबरनंतर बहुतेक हॉटेले बंद होतात. जुलैमध्ये संगीत महोत्सव, तर ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी डिस्कव्हरी डे असतो.