व्यायाम कमी पडणे आणि बसणे जास्त होणे: कार्यालयांतला नेहमीचा घोळ

कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत अधिक हालचाल करावी असे ठरले की कार्यालये जिमच्या सवलतीचे परिपत्रक काढतात, २१ जूनला योगासनांचा वर्ग भरवतात आणि विषय मिटल्याचे मानतात. हे उपक्रम चांगलेच आहेत, पण ते व्यायामाच्या अभावावरचे उपाय आहेत. खुर्चीत तासन्‌तास बसून राहणे ही त्याहून वेगळी अडचण आहे, हे अजूनही वारंवार सांगावे लागते.

व्यायामाबद्दल फार लिहायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा.

गोंधळ होतो तो पुढे. रोज पहाटे अर्धा तास भरभर चालणारा माणूस त्यानंतर गाडीत, कार्यालयातल्या खुर्चीत आणि रात्री सोफ्यावर मिळून दहा तास बसत असेल, तर तो व्यायामाच्या कसोटीला उतरतो आणि तरीही त्याची जीवनशैली बैठीच राहते. मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात. बसल्यावर हे काम जवळजवळ थंडावते आणि दुपारच्या जेवणानंतर तर त्याचीच सर्वाधिक गरज असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जास्त वजनाच्या व्यक्तींना दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालायला लावले, तेव्हा सलग बसण्याच्या तुलनेत त्यांची जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी वाढले. घाम न आणणाऱ्या हलक्या चालण्यानेही हा फरक पडला, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे.

मग व्यायामाने बसण्याची भरपाई होतच नाही का? होते, पण किंमत मोठी आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे २०१६ साली विश्लेषण झाले, त्यात दीर्घकाळ बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका रोज सुमारे ६० ते ७५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिसेनासा झाला. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटांच्या पुढे. नोकरी, प्रवास आणि घर सांभाळणाऱ्या किती जणांना हे जमेल? म्हणून कामाच्या तासांतले सलग बसणे मोडणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

येथे उभे राहून काम करण्यासाठीच्या उंच टेबलांबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. उभे राहणे म्हणजे हालचाल नव्हे. बसण्याच्या तुलनेत उभे राहिल्याने मिनिटाला सरासरी ०.१५ कॅलरी, म्हणजे तासाला नऊच्या आसपास, जास्त खर्च होते. शिवाय तासन्‌तास एका जागी उभे राहिल्यास पाय सुजतात आणि कंबर धरते. असे टेबल घेऊन दिले म्हणजे कर्मचारी सक्रिय झाले, ही समजूत सोडून द्यावी. पावलांच्या स्पर्धाही मला पटत नाहीत, कारण त्यांत बहुधा आधीपासून चालणारेच भाग घेतात आणि ज्यांच्यासाठी खटाटोप असतो ते बाजूला राहतात.

त्यापेक्षा शिपायाने प्रत्येकाच्या टेबलावर चहा आणि पाण्याची बाटली आणून ठेवण्याची पद्धत बंद करावी, प्रिंटर दालनाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा आणि सुरक्षेच्या नावाखाली कुलूपबंद ठेवलेला जिन्याचा दरवाजा उघडावा. अर्थात ज्यांना चालणे किंवा जिना चढणे अवघड आहे, त्यांची सोय आधी पाहावी. आयुष मंत्रालयाचा ‘वाय-ब्रेक’, म्हणजे कामाच्या जागी घ्यायचा पाच मिनिटांचा योगविरामही याच कामाचा आहे, मात्र तो दिवसातून एकदाच उरकू नये. तासाभराची बैठक पन्नास मिनिटांत आटोपावी आणि मधल्या दहा मिनिटांत साहेबांनी स्वतः आधी उठावे, कारण ते खुर्चीत असताना हाताखालची माणसे उठायला कचरतात.