थंडीत लिफ्ट का रडते?

थंडी पडली की हीटर नसलेल्या गॅरेजात गाडी उचलणाऱ्या दोन खांबांच्या लिफ्टबद्दल हमखास ऐकू येतं, ‘तेल गोठलं, लिफ्टचा जोर गेला.’ यातलं काहीच खरं नसतं. हायड्रॉलिक तेल (ज्याच्या दाबावर लिफ्ट चालते ते) शून्य अंशाला गोठत नाही आणि बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो हा पास्कलचा नियम तापमान बघून बदलत नाही. दाब मिळाला तर सिलिंडर तेवढंच वजन उचलतो.

बिघडतं ते तेलाचं वाहणं. तेलाच्या डब्यावर ‘व्हीजी ३२’ असं लिहिलेलं असेल तर ४० अंशांना त्याची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, साधारण ३२ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असते. शून्य अंशाला हेच तेल जवळपास दहापट दाट होतं.

आता खरी गंमत. पंप तेल ओढतो असं आपण म्हणतो, पण द्रव असा ओढता येतच नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि टाकीतल्या तेलावरची हवा ते तेल नळीतून पुढे ढकलते. बाहेर पडताना पंप तेलाला दीड-दोनशे वातावरणांचा (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीड-दोनशे पट) दाब देईल, पण आत येणाऱ्या तेलामागे जोर फक्त एका वातावरणाचा! नळीतल्या प्रवाहाचं गणित सांगणाऱ्या प्वासॉयच्या सूत्रानुसार तेवढ्याच वेगाने दहापट दाट तेल न्यायचं तर दाबातला फरकही दहापट हवा. तो आणायचा कुठून? पंपाचे दाते त्याच गतीने फिरत राहतात, त्यांच्यामधल्या खाचा अर्ध्यामुर्ध्या भरतात आणि तिथला दाब घसरतो. खनिज तेलात आकारमानाने ८ ते १० टक्के हवा विरघळलेली असते. ती बुडबुडे होऊन बाहेर येते. दाबाच्या बाजूला पोचताच हे बुडबुडे चिरडले जातात. सकाळी ऐकू येणारं रडणं ते हेच. असं रोज होत राहिलं तर पंपाच्या धातूला खड्डे पडतात.

तेलात ‘हिवाळी’ जादूच्या बाटल्या ओतण्यापेक्षा लिफ्टच्या पुस्तिकेत मंजूर असलेलं पातळ तेल भरा, आणि गाडी चढवण्याआधी लिफ्ट रिकामीच दोन-चारदा वर-खाली करा. रिकामी लिफ्ट रेंगाळत उतरते, कारण दाट तेलाला अरुंद व्हॉल्व्हमधून परत ढकलायला फक्त लिफ्टच्या हातांचं वजन असतं. घाबरू नका.

गाडी रात्रभर वर ठेवायची असेल तर मात्र ती तेलाच्या भरवशावर सोडू नका. तेल थंड होताना दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के आकसतं. पारा २० अंशांनी उतरला तर दोन मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ कुठेही गळती नसताना जवळपास तीन सेंटिमीटर खाली येतो. म्हणून उचलल्यावर लिफ्ट थोडी खाली घेऊन यांत्रिक लॉकवर टेकवायची, आणि दोन्ही खांबांचे लॉक बसल्याचा आवाज ऐकूनच गाडीखाली जायचं.