नळीवरचा शिक्का वाचून काडतुसं घेऊ नका
अमेरिकेत बदल केलेली जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन (ट्रिगरखालची लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल) घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक रायफल चालवण्यासाठी घेणाऱ्यांचं आहे, कपाटात ठेवणाऱ्यांचं नाही. आमच्या रॅकवरच्या विंचेस्टर ९४, मार्लिन ३३६ आणि सॅव्हेज ९९ यांपैकी प्रत्येकीला कधी ना कधी कुणीतरी हात लावलेला आहे. कुणी स्कोपसाठी रिसीव्हरला (यंत्रणा सामावणाऱ्या पोलादी सांगाड्याला) भोकं पाडली, कुणी दस्ता कापून रबरी पॅड बसवला, कुणी घासूनपुसून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलं. संग्राहकाच्या लेखी अशी रायफल बाद, म्हणून ती तुम्हाला परवडते. १९६४ च्या आधीच्या विंचेस्टरचा रिसीव्हर घडीव पोलादाचा, तो दोन भोकांनी काही कमी टिकत नाही. कापलेल्या दस्त्याचं तर उलटंच आहे. साडेपाच फुटांच्या माणसाला तो बहुधा जास्त बरा बसतो.

भोकं कुठे आहेत एवढं मात्र बघा. बुजवलेले स्क्रू काढून आत डोकवा. रिसीव्हरच्या पुढच्या भागात, नळीच्या आट्यांवर पाडलेलं भोक चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीत उतरलं असेल तर रायफल तिथेच खाली ठेवा. दस्ता टँगच्या (रिसीव्हरच्या दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीच्या) मागे तडकलाय का, तेही पाहा. सॅव्हेजमध्ये ही तक्रार नेहमीची.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात तुमचे शनिवार जातात आणि आमचेही. ग्राहक लिलावातून रायफल आणतात, नळीवर ‘.३०-३०’ हा काडतुसाचा प्रकार वाचतात, पाच पेट्या काडतुसं घेऊन थेट रेंजवर जातात, आणि दुपारी आमच्याकडे येतात. शिक्का खोटा नसतो, जुना असतो. गंजलेली किंवा झिजलेली नळी टाकून देण्याऐवजी आतून मोठी करून घेणं ही अमेरिकेतली जुनी पद्धत. .२५-३५ ची .३०-३० होते, .३०-३० ची .३८-५५ होते, कारण या पुंगळ्या (काडतुसांची पितळी आवरणं) एकाच घराण्यातल्या. चांगला गनस्मिथ जुना शिक्का खोडून नवा मारतो. पण सगळे तेवढे चांगले नव्हते.

.३२ विंचेस्टर स्पेशल म्हणजे मान (पुंगळीचा गोळी धरणारा भाग) रुंद केलेली .३०-३०. त्यामुळे .३०-३० चं काडतूस तिच्या चेंबरमध्ये खुशाल बसतं. गोळी मात्र ०.३०८ इंचाची आणि नळी मागते ०.३२१. तेरा हजारांश इंचांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतो: गोळी नळीतल्या खाचांना पकडत नाही, आडवी जाते आणि निशाण्यावर गोल भोकाऐवजी लांबट चीर पडते. पुंगळीची मानही फुगून उभी फाटलेली मिळते. अशी एक जरी पुंगळी निघाली तरी थांबा. ‘अजून दोन मारून बघू’ नको.

दुसरी चूक याहून वाईट. .३८-५५ हे १८८४ चं, काळ्या बारुदाच्या काळातलं काडतूस. .३७५ विंचेस्टर आलं १९७८ मध्ये, आकार जवळपास तोच, पुंगळी थोडी आखूड, दाब मात्र कितीतरी जास्त. ते जुन्या .३८-५५ मध्ये काहीही कुरकुर न करता शिरतं. काडतूस आत बसलं म्हणजे ते चालतं, हा हिशेब इथे हात घालवू शकतो.

तिसरी चूक त्या मानाने निरुपद्रवी. पुंगळी खांद्याशी कोनदार होऊन बाहेर आली तर चेंबर अ‍ॅकली इम्प्रूव्हड, म्हणजे जास्त बारुदासाठी मोठं केलेलं असतं, खांदा ४० अंशांचा. साधी .३०-३० त्यात चालते, फक्त त्या पुंगळ्या नेहमीच्या डायमधून (पुंगळीला आकार देणाऱ्या हत्यारातून) पुन्हा भरता येत नाहीत. ‘रायफल बिघडली’ म्हणून येणाऱ्यांपैकी काही जण याच कारणाने येतात.

म्हणून आमचा नियम आहे की चेंबरचा साचा घेतल्याशिवाय आम्ही बदल केलेली रायफल विकत नाही, आणि बाहेरून आणलेल्या रायफलवर स्कोप बसवत नाही. काही जणांना हा अडेलतट्टूपणा वाटतो. त्यांच्यासाठी काम कसं होतं ते सांगतो.

बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) काढायचा, चेंबर स्वच्छ करायचं, नळीत चेंबरच्या थोडं पुढे चिंधीचा बोळा घट्ट बसवायचा आणि वितळलेला सेरोसेफ ओतायचा. हा मिश्रधातू ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, चेंबरच्या पोलादाला त्याचा काही त्रास नाही. थंड होताना तो आधी आकसतो, पहिल्या अर्ध्या तासात गजाने हलकेच ठोकून बाहेर काढायचा. मग फुगायला लागतो. ओतल्यापासून साधारण एक तासाने त्याचं माप चेंबरइतकं भरतं. लगेच मोजलं तर कमी, आठवड्याने मोजलं तर जास्त. ‘एका मापाला एवढा वेळ?’ याचं उत्तर त्या तासात आहे. नळीचं माप वेगळं घ्यावं लागतं: मऊ शिशाची किंचित मोठी गोळी तेल लावून आरपार ठोकायची आणि मायक्रोमीटरने मोजायची.

मार्लिनचं काम स्वस्त पडतं, कारण लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागून निघतो. (इजेक्टर खाली पडतो, गालिच्यावर शोधत बसू नका.) विंचेस्टर ९४ ला बरंच काही सोडवावं लागतं, म्हणून दर जास्त.

बोल्ट सहज निघत नाही, याच कारणाने जुन्या ९४ आणि ९९ वर्षानुवर्षं पुढून साफ केल्या गेल्या, आणि सफाईच्या गजाने नळीचं तोंड एका बाजूला खाल्लं. रायफल गोळ्या विखरून टाकत असेल तर स्कोपला दोष देण्याआधी भिंगातून तोंड पाहा. ते पुन्हा नळीशी काटकोनात कापणं हे छोटं काम आहे. आधीच कापलेली नळी मात्र मोजून घ्या: बोल्ट बंद करून, तोंडातून गज घालून, १६ इंचांपेक्षा कमी नको आणि पूर्ण रायफल २६ पेक्षा. त्याहून आखूड रायफलला अमेरिकेत वेगळा संघीय कायदा लागतो, आम्ही ती हातात घेत नाही.

मॅगझिन नळीचं असेल तर धातूच्या टोकदार गोळ्या वर्ज्य. एकाचं टोक पुढच्याच्या कॅपवर (ठोकताच पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर) टेकतं. चपट्या तोंडाच्या घ्या. सॅव्हेज ९९ चं मॅगझिन फिरकीचं, तिला हे बंधन नाही.

एच-१बी वर असलेल्यांसाठी: संघीय कायद्याने तुम्हाला रायफल घेता येत नाही, वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे. टेक्सासात खासगी जमिनीवर रानडुकरांसाठी परवाना लागत नाही म्हणून तो काढलाच नाही, हे इथे चालणार नाही. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. मित्राच्या वतीने फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म) भरू नका, तो गुन्हा आहे. आणि संग्राहकाचा परवाना वापरून मागवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, पन्नास वर्षांहून जुनी असली तरी मूळ रूप बदललेली रायफल त्यात बसत नाही.

आमच्या प्रत्येक रायफलच्या लिव्हरला चिठ्ठी बांधलेली असते: चेंबर, नळीचं माप, कुठलं काडतूस. साचाही तुमच्याबरोबर देतो. बाहेरून घेतलेली तपासायची असेल तर रिकामी, लिव्हर उघडी ठेवून आणा, आणि मारलेल्या दोन पुंगळ्या असतील तर त्याही. काडतुसं मात्र तपासणीनंतरच घ्या. विकलेल्या पेट्या, सील फोडलेलं नसलं तरी, आम्ही परत घेत नाही.