लॉगबुकातला कमांडचा रकाना: एका जुन्या गुंत्याची पार्श्वभूमी

एअरलाइनच्या भरतीत वैमानिकाचे लॉगबुक उघडले, की तपासणाऱ्याची नजर आधी एकूण तासांवर जाते आणि मग पायलट इन कमांडच्या, म्हणजे विमानाची अंतिम जबाबदारी असलेल्या वैमानिकाच्या तासांच्या, रकान्यावर येऊन थांबते. प्रश्न सुरू होतात ते तिथून. अर्जात लिहिलेले कमांडचे तास आणि वहीतले तास जुळत नाहीत, याचा अर्थ वैमानिकाने फसवाफसवी केली असा दर वेळी नसतो. एकाच शब्दाला वेगवेगळ्या नियमावल्यांनी वेगवेगळा अर्थ दिला, आणि तो गुंता आजही अर्जदाराच्या गळ्यात आहे.

सुरुवातीच्या नोंदवह्या माणसाच्या नव्हत्या, यंत्राच्या होत्या. १९१९ च्या पॅरिस करारात प्रवासाची, विमानाची, इंजिनाची आणि संदेशांची अशा वह्यांची तरतूद होती. १९४४ च्या शिकागो करारानेही विमानात प्रवासाची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. परवान्यांचे आंतरराष्ट्रीय किमान निकष त्या कराराच्या परिशिष्ट १ मधून १९४८ मध्ये आले. वैमानिकाच्या स्वतःच्या वहीला खरे वजन आले ते या निकषांमुळे, कारण तास सिद्ध करायचे तर पुरावा हवा. आज त्या परिशिष्टाप्रमाणे विमानाचा उड्डाणकाळ म्हणजे उड्डाणाच्या हेतूने ते पहिल्यांदा जागचे हलले तेव्हापासून उड्डाण संपून पूर्ण थांबेपर्यंतचा काळ. लष्करी सेवांत मात्र बहुधा चाके जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतच मोजतात. म्हणून लष्करातून येणाऱ्यांना काही कंपन्या प्रत्येक उड्डाणामागे ०.२ ते ०.३ तास वाढवून देतात. ही वाढ वहीत कधीही लिहू नये. वहीत मूळ आकडे राहू द्यावेत आणि रूपांतर वेगळ्या कागदावर, कंपनीने दिलेल्या गुणकाचा उल्लेख करून दाखवावे.

आता मूळ गुंता. युरोपातली आणि तिच्या धर्तीवरची पद्धत सांगते, की एका वेळी एका विमानाचा कमांडर एकच. शिकवणारा शेजारी बसला असेल तर कमांड त्याची, आणि शिकणाऱ्याला ते तास ‘ड्युअल’ म्हणून मिळतात. अमेरिकेतला नियम कमांडर असणे आणि कमांडचा काळ नोंदवणे या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. त्या विमानाचे रेटिंग (ते उडवण्याची परवान्यावरची पात्रता) असलेला वैमानिक एकट्याने नियंत्रणे हाताळत असेल, तर तो काळ तो कमांड म्हणून लिहू शकतो, जबाबदारी दुसऱ्याची असली तरीही. म्हणजे दीड तासाच्या एकाच प्रशिक्षण उड्डाणात प्रशिक्षकही १.५ लिहितो आणि परवानाधारक विद्यार्थीही १.५ लिहितो. दोघेही कायद्याने बरोबर. पण एअरलाइनच्या अर्जात बहुधा विचारलेले असते ते वेगळेच: विमानाची जबाबदारी सही करून तुम्ही घेतली होती, असे तास किती? हात कोणाचे होते, हे कौशल्य मोजायला उपयोगी आहे. पण त्या मापाला ‘कमांड’ हेच नाव द्यायला नको होते.

तिसरा प्रकार देखरेखीखालच्या कमांडचा, ज्याला वैमानिक ‘पिकस’ (पायलट इन कमांड अंडर सुपरव्हिजन) म्हणतात. को-पायलट कॅप्टनची सगळी कर्तव्ये पार पाडतो आणि कॅप्टनला हस्तक्षेप करावा लागत नाही, तर तो काळ या सदरात जातो, मात्र कॅप्टनची सही हवी. परिशिष्ट १ मध्ये एअरलाइन परवान्यासाठी १५०० तासांपैकी २५० कमांडचे लागतात. त्यातले किमान ७० खरे कमांडचे असले, तर उरलेले पिकसने भरता येतात. इथे दोन चुका वारंवार दिसतात. एक, आपण पायलट फ्लाइंग (प्रत्यक्ष विमान उडवणारे) होतो म्हणून तो सेक्टर (एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचे उड्डाण) आपोआप पिकस झाला, अशी समजूत. तसा तो होत नाही. दुसरी, सह्या सहा महिन्यांनी एकत्र गोळा करणे. एकाच शाईत, एकाच दिवशी झालेल्या साठ सह्या तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात. सेक्टर संपला की त्याच दिवशी सही घ्यावी.

अलीकडच्या काळाने हा गुंता वाढवलाच. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेत २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तासांचा परवाना सक्तीचा झाला. लष्करी वैमानिकांना ७५० आणि ठरावीक विमानविद्या पदवीधरांना १००० तासांवर मर्यादित परवान्याची सवलत राहिली. त्याआधी २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर को-पायलट होता येत असे. त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते, त्यामुळे हा आकडाच का, हा वाद अजून मिटलेला नाही. लॉगबुकाच्या दृष्टीने मात्र त्याच नियमातले दुसरे कलम जास्त परिणामकारक ठरले: को-पायलटला त्या विमानाचे पूर्ण टाइप रेटिंगही (त्या ठरावीक प्रकारच्या विमानाची पात्रता) लागू लागले. रेटिंग आल्यावर, स्वतः उडवलेल्या सेक्टरचा काळ को-पायलट अमेरिकी नियमाने कमांड म्हणून लिहू शकतो. एअरलाइन तो मोजत नाही. असे हजार तास मुख्य रकान्यात मिसळलेल्या वहीतून खरी कमांड वेगळी काढायची, तर एकेक ओळ पुन्हा वाचावी लागते.

म्हणून पहिल्या पानापासून कमांडचे रकाने वेगळे ठेवावेत: जबाबदारीची कमांड, पिकस, आणि स्थानिक नियम देत असेल तर नुसत्या हाताळणीची. को-पायलट आणि ड्युअल हे त्याशिवाय. सिम्युलेटरचे तास स्वतंत्र, एकूण उड्डाणकाळात नाहीत. परिशिष्टाप्रमाणे इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याच्या, ७५ तासांपैकी जमिनीवरचे, म्हणजे सिम्युलेटरसारख्या साधनांवरचे, जास्तीत जास्त ३० धरता येतात, आणि ते ३० उड्डाणाच्या बेरजेत घुसले की सगळे गणित चुकते.

दशांशाची चूक त्याहून साधी आणि त्याहून महाग. १ तास ३० मिनिटे म्हणजे १.५. ती १.३ लिहिली तर नोंदीमागे १२ मिनिटे गळतात. अशा ४०० नोंदींत ८० तास. वहीच्या मध्येच पद्धत बदलायची असेल तर नवे पान घ्यावे आणि पुढे आणलेली बेरीज दोन्ही पद्धतींत लिहावी.

जुन्या पानावर बेरजेची चूक सापडली तर मागची सगळी पाने खोडत बसू नये. चालू पानावर एक ओळ लिहावी: पान १२ च्या बेरजेत ०:४० जास्त धरले होते, ते इथे वजा, सही, तारीख. एखादी नोंद चुकली तर तिच्यावर एकच रेघ मारावी, जुना आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर दिसला की संशय आलाच.

ॲपमध्ये ठेवलेल्या वहीत रात्रीचे तास सॉफ्टवेअर काढते, आणि तिथे वेळेचे क्षेत्र घात करते. स्थानिक वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) रकान्यात पडली तर दुपारचे उड्डाण रात्रीचे होऊन बसते. शिवाय ‘रात्र’ही सगळीकडे एक नाही. कुठे ती संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंत, कुठे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरू. ॲपमध्ये कोणती व्याख्या निवडली आहे, ते सारांशावर लिहावे. दर महिन्याला प्रत काढून सही करावी आणि मूळ डेटाची फाइल वेगळ्या जागी ठेवावी. प्रशिक्षणाच्या काळातल्या कागदी वह्या नंतर ॲपमध्ये उतरवल्या तरी जपून ठेवाव्यात, मुलाखतीत मूळ त्याच मागतात.

सादर करताना आधी एक तारीख ठरवावी. अर्ज, सारांश आणि वही तिघांतही तीच, आणि वहीत त्या दिवशी रेघ मारून बेरीज बंद. सारांश एका पानाचा असावा: विमानाच्या प्रकारानुसार आडव्या ओळी, भूमिकेनुसार उभे रकाने, खाली शेवटचे १२ महिने आणि शेवटचे ९० दिवस. आकडे पूर्ण तासात लिहायचे तर खाली उतरवावेत, वर चढवू नयेत. पहिले सोलो (एकट्याने केलेले उड्डाण), प्रत्येक परवान्याची आणि रेटिंगची परीक्षा, नोकरी बदलली ती पाने आणि शेवटची बेरीज, इथे चिकटपट्टीची खूण लावावी. सध्याच्या कंपनीकडून शेवटच्या पानावर शिक्का आणि सही आधीच घ्यावी, कारण राजीनामा दिल्यावर ती मिळायला आठवडे लागू शकतात.

वही हरवली असेल तर आठवणीवरून नवी लिहू नये. कंपनीच्या ड्यूटी नोंदी, प्रशिक्षण संस्थेची फाइल, विमानाच्या टेक लॉगच्या (तांत्रिक नोंदवहीच्या) प्रती आणि परवान्यासाठी पूर्वी केलेले अर्ज यांवरून ती पुन्हा उभी करावी. प्रत्येक आकडा कशावरून घेतला ते शेजारी लिहावे, सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे. ज्या तासांना कागद मिळत नाही, ते बेरजेबाहेर ठेवावेत.