एडॅकचे कॅरिबू: नेव्हीने आणलेली २३ पाडसं आणि धनुष्यवाल्यांची वारी

बो-हंटिंगवाल्यांच्या, म्हणजे धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या फोटोंमध्ये अलास्कातलं एडॅक नावाचं एक बेट सारखं दिसतं. झाड औषधाला नाही, गुडघाभर गवत, मागे ढगात शिरलेला डोंगर, पुढे हातात कंपाउंड बो घेऊन उकिडवा बसलेला माणूस आणि शेजारी असला दांडगा कॅरिबू (उत्तर अमेरिकेतला रानटी रेनडिअर) की शिंगं फ्रेममध्ये मावत नाहीत. खाली 'अनटच्ड वाइल्डरनेस' वगैरे ठरलेलं. गंमत अशी की १९५८ च्या आधी या बेटावर एकही कॅरिबू नव्हता. आज जे आहेत ते सरकारी, म्हणजे खरोखर अमेरिकन सरकारने उचलून आणून सोडलेल्या जनावरांची पोरंबाळं.

अलास्काच्या नैऋत्य टोकातून अल्युशियन बेटांची रांग निघते ती थेट रशियाच्या दिशेने जाते, एडॅक त्या रांगेत बरंच आत, अँकरेजहून साधारण १९०० किलोमीटर, विमानाने तीनेक तास. 'उत्तरेचं बेट' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बर्फ येतं, पण हे बेट ५२ अक्षांशाच्या किंचित खाली, जवळपास लंडनच्या रेषेत. समुद्र गोठत नाही, किनाऱ्यालगत बर्फ फार काळ टिकत नाही. त्याऐवजी आहे वारा, धुकं, आडवा पाऊस आणि परत वारा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इथले मूळ लोक युनांगन, ज्यांना बाहेरचे अल्युत म्हणतात. हजारो वर्षं त्यांचं सगळं समुद्रावर चालायचं, सील, सी लायन, मासे, पक्षी, आणि शिकार कयाकमधून, भाला फेकायच्या फळीने. जमिनीवर मारण्यासारखं मोठं जनावरच नव्हतं. अठराव्या शतकात रशियन फरवाले आले, रोगराई आणि जुलूम दोन्ही घेऊन आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एडॅकवरची कायमची वस्ती उठली. मग फरसाठी कोल्हे आणून सोडले, पुढे जहाजांतून उंदीर उतरले. म्हणजे परकं जनावर आणून टाकायची सवय या बेटांना आधीपासूनचीच.

जून १९४२ मध्ये जपानने अट्टू आणि किस्का ही दोन बेटं घेतली आणि अमेरिकेला अचानक एडॅकची आठवण झाली. ऑगस्टच्या शेवटी सैन्य उतरलं, भरतीचं पाणी शिरायचं असं एक लगून उपसून कोरडं केलं आणि दोन आठवड्यांच्या आत त्यावर धावपट्टी तयार, तिथून विमानं किस्कावर बॉम्ब टाकायला जायला लागली. युद्ध संपलं पण तळ राहिला, कारण लगेच रशियाशी शीतयुद्ध सुरू झालं आणि सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवायला याच्याइतकी सोयीची जागा मिळणार कुठे. भर जोमात असताना नेव्हीचे लोक आणि त्यांची कुटुंबं धरून सहाएक हजार माणसं तिथे राहत होती, शाळा होती, चक्क मॅकडोनाल्डसुद्धा होतं.

एवढी माणसं, आणि सगळा शिधा बाहेरून येणार. जहाजं अडकली तर खायचं काय? आणि ड्युटी संपल्यावर त्या वाऱ्यात करायचं काय? या दोन प्रश्नांना मिळून एक उत्तर निघालं ते म्हणजे कॅरिबू. अडीअडचणीला मटण, एरवी शिकारीचा टाइमपास. १९५८ आणि ५९ अशा दोन वर्षांत मुख्य भूमीवरच्या नेलचिना कळपातली २३ पाडसं एडॅकवर सोडली. अलास्का जानेवारी १९५९ मध्ये राज्य झालं, त्यामुळे हा कळप अर्धा टेरिटरीच्या काळातला आणि अर्धा राज्याच्या काळातला.

आता त्यांचा आकार. साध्या कॅरिबू नराचं वजन धरा ३५० ते ४०० पौंड, आणि एडॅकवर ७०० पौंडांच्या आसपासचे नर नोंदले गेलेत. लोक याला 'जेनेटिक्स' म्हणून मोकळे होतात, पण आईबाप तर तेच नेलचिनावाले! फरक पडला तो खाण्यात आणि घाबरण्यात. लांडगा नाही, अस्वल नाही, रक्त पिऊन हैराण करणाऱ्या टुंड्रातल्या डासांच्या झुंडी नाहीत, शेकडो मैलांचं स्थलांतर नाही, हिवाळ्यात बर्फ उकरत बसायला नको, आणि समोर कुणीही तोंड न लावलेलं गवत आणि लायकेन. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाच्या जातकुळीतलं. शिंगं तर दरवर्षी गळून नवी येतात, त्यामुळे उन्हाळा चांगला खाऊन काढलेल्या नराच्या डोक्यावर ते लगेच दिसतं.

अशी फुकटची मेजवानी शेवटपर्यंत टिकत नाही हे अलास्काने आधी पाहिलं होतं आणि पुढे आणखी वाईट पाहिलं. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावर १९११ मध्ये २५ रेनडिअर सोडले होते, १९३८ पर्यंत ते दोन हजारांवर गेले आणि १९५० मध्ये राहिले ८. सेंट मॅथ्यू बेटाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १९४४ मध्ये कोस्ट गार्डने अडीअडचणीचा साठा म्हणून २९ रेनडिअर सोडले (परत तोच विचार बघा), युद्ध संपल्यावर माणसं निघून गेली, १९६३ च्या उन्हाळ्यात मोजणी झाली तेव्हा साधारण ६,०००, आणि त्याच हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडून जवळजवळ सगळे उपाशी मेले. १९६६ मध्ये डेव्हिड क्लाइन हे जीवशास्त्रज्ञ परत गेले तर ४२ जिवंत, त्यात नर एकच, तोही धड नाही. लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, एकदा ओरबाडून खाल्लं की दशकं जातात परत यायला.

एडॅकचं तसं का झालं नाही? बरीच वर्षं नेव्हीच्या बंदुकांमुळे. खलाशी शिकार करत राहिले आणि कळप काही शेकड्यांवर रोखला गेला. ३१ मार्च १९९७ ला तळ बंद झाला, माणसं गेली, घरं तशीच रिकामी सोडून गेली, आणि कळप फुगत फुगत २००५ च्या सुमाराला अडीच-पावणेतीन हजारांपर्यंत गेला. सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की आता कोसळणार. पण २०१२ च्या मोजणीतही आकडा साधारण तेवढाच! लायकेन कमी झालं तरी सौम्य हिवाळ्यात गवत मिळत राहतं, सेंट मॅथ्यूसारखा बर्फाचा घाव बसत नाही, असा त्याचा अर्थ लागतो.

बरं, यात धनुष्य कुठून आलं? कॅरिबू आणि धनुष्य हे नातं जुनंच आहे, पण ते इथलं नाही. आर्क्टिकमधले इन्युइट वाहून आलेल्या लाकडाचे नाहीतर शिंगांचे तुकडे जोडून धनुष्य करायचे आणि तुटू नये म्हणून पाठीवर जनावराच्या स्नायूंची दोरी ताणून बांधायचे. पल्ला थोडा, म्हणून दगडांच्या रांगा रचून कळपाला नेमका लपलेल्या माणसांपुढे आणायचं. आजच्या हौशी बो-हंटिंगचा उगम मात्र कॅलिफोर्नियातला. ऑगस्ट १९११ मध्ये 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस, इशी, ओरोव्हिल गावात आला, त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये ठेवलं गेलं आणि शेजारच्या हॉस्पिटलातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि मारायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप आणि त्यांचे मित्र आर्ट यंग यांनी पुढे मोठमोठी जनावरं मारली आणि हा नाद अमेरिकेत पसरला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने हरणांसाठी वेगळा धनुष्य-सीझन काढला, १९६१ मध्ये या दोघांच्या नावाने शिंगांच्या नोंदी ठेवणारा क्लब निघाला, १९६९ मध्ये होलिस विल्बर अॅलन यांना कप्प्यांच्या कंपाउंड बोचं पेटंट मिळालं आणि ऑफिसात बसणाऱ्या माणसालाही पूर्ण ताणून नेम धरता यायला लागला. १९७२ मध्ये आपल्याकडे वन्यजीव कायदा येऊन शिकार जवळपास बंदच झाली, त्याच वर्षी तिकडे धनुष्य-बाणांवरच्या कराचा पैसा वन्यजीव खात्यांना द्यायचं ठरलं.

अलास्कात कॅरिबूसाठी धनुष्यवाल्यांचा मोठा अड्डा म्हणजे डाल्टन हायवे, आणि तोही सरकारी कारणानेच. तेलाची पाइपलाइन त्या रस्त्याला धरून जाते म्हणून दोन्ही बाजूंना पाच मैल बंदुकीची शिकार बंद, धनुष्य चालतं. एडॅकवर असं काही नाही, तिथे रायफल चालते, तरी धनुष्यवाले जातात ते फक्त त्या अवाढव्य नरासाठी.

आणि काम सोपं अजिबात नाही. बाणाने नीट मारायचं तर तीस-चाळीस यार्डांच्या आत पोचावं लागतं, कारण बाण धक्क्याने मारत नाही, धारदार पात्याने आत कापून रक्तस्रावाने मारतो. लपायला झाड नाही. डोंगरावरून वारा अचानक उलटा फिरतो आणि कॅरिबूला माणसाचा वास आला की संपलं. तो चरतानाही चालतच असतो, त्यामुळे मागून गाठणं विसरा, वाट ओळखून पुढे जाऊन ओढ्याच्या खळगीत पडून राहायचं. वर गवतात युद्धाच्या वेळचे काटेरी तारांचे लोखंडी खुंट अजून आहेत, काही भागात न फुटलेला दारूगोळा आहे म्हणून पाट्या लावल्यात. ऑक्टोबरात माज आला की मोठ्या नराच्या मटणाला उग्र वास येतो, म्हणून जाणकार ऑगस्ट-सप्टेंबर धरतात. मटण फील्डमधून आणल्याशिवाय शिंगं हलवायची नाहीत हा अलास्काचा कायदा, मग पाय कितीही चिखलात रुतोत.

घोळ असा की कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्या मारायला पाहिजेत. म्हणून तिथे माद्यांवर मर्यादा नाही आणि नर दोनच, असे नियम राहिलेत. पण एवढा खर्च करून धनुष्य घेऊन आलेला माणूस मादीसाठी ओल्या गवतात लोळत बसणार आहे का? बेटाचा दक्षिण भाग संरक्षित वाइल्डरनेस आहे, तिकडे बोटीशिवाय जाणं कठीण, आणि २०२० च्या जनगणनेत गावात माणसं उरलीत १७१. त्यात काही कॅरिबू अरुंद खाडी पोहून शेजारच्या कागालास्का बेटावर जायला लागले. तिथे ते मुळात कधीच नव्हते म्हणून २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने माणसं पाठवून ९ कॅरिबू मारले. त्यावर बरीच ओरड झाली.