बेटावर राहायला येण्याआधी: आमच्या पाहुण्यांसाठी माहिती

खोली आरक्षित केल्याबद्दल आभार. आमच्या खोल्या मोजक्याच आहेत आणि फोटोत दिसतात तशाच आहेत. फोटोत कळत नाही ते एवढंच, की इथलं सगळं एकतर बोटीतून आलेलं असतं, नाहीतर पावसातून. आमचे बहुतेक नियम यातूनच निघाले आहेत. नियम सांगण्यापेक्षा कारण सांगितलं की पटतं, असा अनुभव आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

पाणी

नळाला विहिरीचं पाणी आहे. चारी बाजूंनी समुद्र असताना बेटाच्या पोटात गोडं पाणी कुठून आलं? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. तेवढ्याशा फरकावर हा सगळा कारभार चालतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर असली, तर सपाटीखाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं, असा भूजलशास्त्रातला ठोकताळा आहे. हा हिशेब उलटाही लागू होतो. उपसा वाढून वरची पातळी थोडी जरी खाली गेली, तरी खालून खारं पाणी कितीतरी पटींनी वर चढू लागतं. एकदा विहीर मचूळ झाली की पुढच्या पावसाळ्यांची वाट बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

म्हणून शॉवरची धार बारीक आहे (पंप बिघडलेला नसतो) आणि टॉवेल मागितल्याशिवाय बदलले जात नाहीत. कोरड्या महिन्यांच्या शेवटी साबणाला फेस कमी येतो. अंघोळीला ते पाणी चालतं, पिऊ मात्र नका. पिण्याचं पाणी जेवणघरातल्या पिंपात असतं. रिकामी बाटली घेऊन या आणि हवी तितकी भरा.

एक सूचना जरा उलटी वाटेल. पाणी वाचवायचं म्हणून काही जण बादली भरून ठेवतात. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि चावतो तो मुख्यतः दिवसा. वापर झाला की बादली पालथी घाला. दुपारी झोपतानाही मच्छरदाणी सोडा. भिंतीवरच्या पालींना हुसकावू नका, त्या आमच्यापेक्षा जास्त काम करतात.

कमोडमध्ये कागद, पॅड किंवा वेट वाइप्स टाकू नका. टाकी तुंबली तर ती उपसणारी गाडीही बोटीनेच यायची आहे.

वीज

दिवसा सौर पॅनेल, रात्री बॅटरी, आणि ढगाळ दिवस लागून आले तर जनरेटर. एसी सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज खेचतो. सगळ्या खोल्यांत तो एकदमच लावला की फ्यूज जातो, तेव्हा तो पाच-दहा मिनिटं आगेमागे लावण्याची विनंती. इस्त्री आणि हेअर ड्रायर घरीच ठेवा. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं. तो खोलीतच बॅगेत बंद करून बाहेर न्या आणि थोड्या वेळाने उघडा.

बोट

सर्वांत जास्त वाद इथेच होतात, म्हणून स्पष्ट लिहितो. बोटीची वेळ आम्ही ठरवत नाही, भरती ठरवते. ओहोटीला धक्क्यापाशी पाणी उथळ होतं आणि बोट लागू शकत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तुम्ही आलात त्या दिवसाची वेळ जायच्या दिवशी लागू नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी येते तशी ओहोटीही खोलवर जाते.

वाऱ्यापुढे तर कुणाचंच चालत नाही. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि नावाड्याने नाही म्हटलं तर आम्ही त्याला गळ घालत नाही. त्यामुळे बेटावरून निघण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नका. मधे एक रात्र असू द्या. ती रात्र फुकट गेली असं वाटेलही, पण चुकलेल्या विमानापेक्षा ती स्वस्तच पडते. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी मारणं) करणार असाल तर याचा आणखी एक उपयोग आहे: एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.

समुद्रात उतरताना

लाटा फुटत असताना मधेच एखादा शांत, जरा गडद पट्टा दिसतो. नवख्या माणसाला उतरायला तीच जागा बरी वाटते, आणि नेमकी तीच धोक्याची असते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत समुद्रात ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, पट्टीचा पोहणाराही दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा आणि मग आत या. तेवढी ताकद नसेल तर नुसते तरंगत राहून हात हलवा.

पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. प्रवाळावर उभं राहू नका. ते दगडासारखं दिसलं तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि त्याच्या काही जाती वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतात. शिवाय त्याचं खरचटणं सहज चिघळतं. जखम लगेच स्वच्छ पाण्याने चोळून धुवा आणि आम्हाला दाखवा. विषारी काट्याच्या माशाने पायाला डंख केला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा असतो. स्वयंपाकघरात तसं सांगा, पाणी लगेच मिळेल, आणि दवाखान्यात न्यायची सोय आम्ही बघतो.

स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगताना, पाठ आणि पोटऱ्या उन्हाने भाजतात, हे संध्याकाळी पाठ टेकल्यावर कळतं. सनस्क्रीन क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. क्रीम लावणारच असाल तर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नसलेलं आणा. प्रवाळाला अपाय होतो म्हणून अमेरिकेच्या हवाई राज्याने २०२१ पासून ही दोन रसायनं असलेल्या क्रीमची विक्री सर्वसाधारणपणे बंद केली आहे. पलाऊ या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशाने त्याआधीच, २०२० मध्ये, अशा क्रीमवर बंदी घातली.

बाकी थोडक्यात

उष्ण कटिबंधात सूर्य मावळला की अंधार झपकन पडतो, म्हणून टॉर्च जवळ ठेवा. कासवांच्या विणीच्या काळात मात्र ती किनाऱ्यावर लावू नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. नारळाखाली झोपाळा बांधू नका. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे सोबत नेऊ नका, विमानतळावर अडचण होऊ शकते. नेहमीची औषधं ठरल्या मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची आणा, रोख रक्कमही तशीच. वापरलेल्या बॅटऱ्या परत न्या. जेवणात काही वर्ज्य असेल तर येण्याच्या दोन दिवस आधी कळवा, कारण किराणा मागच्या बोटीने आलेला असतो.